रबरी सील आणि डिंकाचा मोह

मोटारीखाली तेलाचे डाग दिसू लागले, की आपण मेस्त्रीला सांगतो, "पॅकिंग गेलं वाटतं, जरा भरपूर डिंक लावा." चूक होते ती इथेच. रबरी सील तेल अडवते ते चिकटून नव्हे, तर दाबले जाऊन. दोन धातूंमध्ये चेपलेले रबर पुन्हा मूळ आकाराला येऊ पाहते. त्या जोरानेच फट बंद राहते. कुकरच्या झाकणाच्या रबराला आपण कधी डिंक लावतो का?

मग चिकटद्रव्य लागते कुठे? इंजिनाच्या माथ्यावरचे टॅपेट कव्हर घ्या. त्याच्या खाचेत सील कोरडेच बसवायचे. जिथे कोपरा येतो किंवा दोन भागांचा सांधा येतो, तिथे मात्र लहानसा ठिपका हवा. तो कशाचा? पंक्चरचे सोल्यूशन नको. त्यातले रबर तेलाने फुगून सुटते. शिक्षकबंधूंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा रात्रभर डिझेलमध्ये ठेवून मुलांना दाखवावा. लाखेचे द्रावण कागदी पॅकिंगला ठीक, पण वाळल्यावर ते कडक होते. रबर लवते, लाख तडकते. इथे सिलिकोनच योग्य. ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते, लवचीक राहते आणि सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये. त्यातल्या आम्लाने धातू गंजतो. पेट्रोलचा संबंध येतो तिथेही सिलिकोन चालत नाही, ते फुगते.

लावण्याआधी जुने रबर खरवडून काढावे, तेलाचा अंशही पुसावा. बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने, इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत. नंतर गाडी रात्रभर तशीच राहू द्यावी.

जास्त लावले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बाहेर आलेला डिंक दिसतो, पण तितकाच आतही शिरतो. तो तुटून तेलाच्या चेंबरमध्ये पडतो आणि पंपाची जाळी बुजवतो. मग बेअरिंगांना तेल पोचत नाही व ती जळतात. थेंबभर गळती थांबवायला गेलो आणि इंजिनच गमावले, असे होते. म्हणून ध्यानात ठेवा: सील नवे, जागा स्वच्छ आणि डिंक ठिपक्याएवढा.