पावसाळी कांदा व वरखताची वेळ

नाशिक भागातील पोळ कांदा जुलै-ऑगस्टात लावला जातो व ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो. त्या सुमारास चाळीतील उन्हाळी कांदा सरत आलेला असल्याने यास बहुधा बरा भाव मिळतो. मात्र पावसाने केलेल्या हानीत पुष्कळदा आपण खताच्या चुकीची भर घालतो.

कांद्याची मुळे आखूड असून बहुतांशी वरच्या वीतभर थरातच असतात. युरियातील नत्राचे जमिनीत थोड्याच दिवसांत नायट्रेट बनते. ते मातीला धरून राहत नाही. जोराचा पाऊस होताच पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. साचलेल्या पाण्याने मुळे गुदमरतात ती वेगळीच. पात पिवळी पडलेली पाहून शेतकरी दोन महिन्यांच्या पिकास पुन्हा युरिया देतो. येथेच घात होतो. उशिराच्या नत्राने पात वाढत राहते, माना जाड होतात, कांदा पोसत नाही व काढणीनंतर मानेतून सडतो.

यासाठी प्रथम पाण्याचा निचरा साधावा. सुमारे १२० सें. मी. रुंद व १५ सें. मी. उंच गादीवाफे करून मध्ये ४५ सें. मी. सरी ठेवावी.

हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश हे प्रमाण धरल्यास एकरी मात्रा अशी येते: लावणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो व युरिया ४३ किलो. उरलेला युरिया दोन समान हप्त्यांत, प्रत्येकी २२ किलो, ३० व ४५ दिवसांनी द्यावा. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते. कांद्याचा तिखटपणा त्यावर अवलंबून असतो. माती-परीक्षण झाले असल्यास त्यानुसार मात्रा बदलावी.

वरखत पाऊस उघडून वाफसा आल्यावर, खुरपणीनंतर व पात कोरडी असताना द्यावे. ओल्या पातीवर दाणे चिकटून पात करपते. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर चार दिवस थांबावे. साठ दिवसांनंतर मात्र नत्र देऊच नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या शेतात दोन वाफे शेजारी शेजारी राखावेत. एकास वेळेवर, तर दुसऱ्यास उशिरापर्यंत युरिया द्यावा. काढणीच्या दिवशी दोहोंच्या माना शेतकऱ्यांनी स्वतः दाबून पाहाव्यात, म्हणजे अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.