काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब

सुट्टीत मुलांना काय करायला द्यावं, असं विचारणाऱ्या सगळ्या आईबाबांना मी एकच नाव सांगते: अरविंद गुप्ता! आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर 1978 साली पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि कचऱ्यातून खेळणी घडवू लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं हेच काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची काड्यांची रचना करून बघाच. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब अगदी स्वस्तात मिळते. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. काड्यांचा गूल मोठ्यांनी आधी खरवडून काढायचा, हे मात्र विसरू नका. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचली की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चारांचा चौकोन करा आणि दोन्ही मुलांच्या हातात द्या. चौकोन लगेच कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही! पुलांना आणि विजेच्या मनोऱ्यांना इतके त्रिकोण का असतात, ते मुलांना तिथेच कळतं.

घरात कागदी स्ट्रॉ असेल तर एक टोक चपटं करून त्याचे दोन्ही कोपरे तिरके कापा आणि ओठांत धरून जोरात फुंका. पिपाणी वाजेल. वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीने कापत गेलं की आवाज चढत जातो. त्यांच्या संकेतस्थळावर अशी शेकडो खेळणी फुकट आहेत, मराठीतूनसुद्धा.