घर बदललं म्हणजे डिझाइन फसलं का?

गेल्या महिन्यात एका ज्युनियरने पीएचडीच्या प्रपोजलचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता एका नियोजित वसाहतीच्या ‘गृहरचनेचे यशापयश’. पद्धत सरळ होती. मूळ नकाशे मिळवायचे, आज जाऊन बघायचं, किती घरं बदलली ते मोजायचं. जास्त बदलली असतील तर आर्किटेक्टचं चुकलं, कमी बदलली असतील तर जमलं. मला हसू आलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी माझंही प्रपोजल जवळपास असंच होतं. त्यावर गाईड मॅडमनी पेन्सिलने एकच ओळ लिहिली होती: ‘चाळीस वर्षांत एकाही घराला कोणी हात लावला नसता, तर त्याला तू यश म्हणशील?’

दोन आठवडे मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीही वाचणं थांबवून जरा विचार करून बघा. घराला हात न लावण्याची कारणं किती असू शकतात! आवडलं म्हणून, पैसे नाहीत म्हणून, परवानगी मिळत नाही म्हणून, भाड्याने राहतात म्हणून, किंवा रचनाच अशी की एक भिंत काढली तर शेजाऱ्याचं छत खाली यायचं. ‘न बदललेली घरं’ या एका रकान्यात हे सगळे एकाच रांगेत उभे राहतात. असा रकाना मोजून हाती काय लागणार?

या प्रश्नावर मला वाट दाखवली ती फ्रान्समधल्या एका जुन्या अभ्यासाने. बोर्दो शहराजवळ पेसाक नावाचं गाव आहे. तिथे १९२० च्या दशकात ल कॉर्बुझिएने (हो, आपल्या चंदीगडवालाच) फ्रुजेस नावाच्या उद्योजकासाठी सुमारे ५० घरं बांधली. सपाट छतं, लांबच लांब आडव्या खिडक्या, मोकळ्या गच्च्या, काही घरांत तळमजल्यावर उघडी सोडलेली जागा. पुढच्या चाळीसेक वर्षांत रहिवाशांनी खिडक्या अर्ध्यामुर्ध्या बुजवल्या, गच्च्या झाकून घेतल्या, काहींनी सपाट छतावर चक्क उतरती छपरं चढवली. बघणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला: प्रयोग फसला.

फिलिप बूदाँ नावाच्या संशोधकाने हा निकाल तसाच मान्य केला नाही. त्याने घराघरातले बदल नोंदवले, रहिवाशांशी सविस्तर बोलला आणि १९६९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांना एवढे बदल करता आले, कारण मूळ रचनेतच त्याला वाव होता. प्रशस्त गच्ची होती म्हणून ती झाकता आली. खाली मोकळी जागा होती म्हणून तिथे खोली काढता आली. म्हणजे बदल हा डिझाइनला दिलेला नकार नाही, काही प्रमाणात ते डिझाइनचंच फळ आहे. हे तुम्हाला पटो न पटो, पण त्याने प्रश्न कसा फिरवला ते बघा. ‘चांगलं की वाईट’ सोडून तो ‘कुठे, काय आणि का बदललं’ याकडे गेला. (आता पेसाक जागतिक वारसा यादीत आहे आणि काही घरं पुन्हा मूळ रूपात आणली गेली आहेत. म्हणजे रहिवाशांनी घातलेलं काढून टाकायचं. यावर मला बरंच बोलायचंय, पण ते नंतर कधीतरी.)

पेसाकचा आर्किटेक्ट ‘लोकांनी बदल करावेत’ असं सांगत नव्हता. आपल्याकडे मात्र एका वसाहतीत तो हेतूच होता. नवी मुंबईतलं बेलापूर, चार्ल्स कोरियांची गृहरचना, १९८३ ते ८६, सिडकोसाठी. आर्किटेक्चर केलेल्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच तिचा प्लॅन काढलेला असतो. सात घरं, मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यात १२ बाय १२ ची आणखी मोठी मोकळी जागा. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे उत्पन्नात मोठा फरक असला तरी जमिनीत फारसा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक घर आपापल्या प्लॉटवर सुटं. सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता गवंडी बोलवा आणि वाढवा.

आज तिथे गेलात तर पुस्तकातल्या फोटोतली उतरत्या छपराची बैठी घरं शोधावी लागतात. अनेक घरं पाडून त्या जागी काँक्रीटची दुमजली-तिमजली घरं उभी आहेत. अंगणं मात्र बरीचशी अंगणंच राहिली आहेत. मग डिझाइन टिकलं की गेलं? घर हे एकक धरलंत तर गेलं. सात घरांचा गट हे एकक धरलंत तर टिकलं. एकाच जागेबद्दल दोन उलटी उत्तरं, आणि दोन्ही खरी. एकक कुठलं आणि तेच का, हे प्रपोजलमध्ये पहिल्या दोन पानांत आलं नाही, तर मुलाखतीत नेमकं तिथेच पकडतात.

इथे अजून एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय. ‘अंगण टिकलं, म्हणजे लोकांना अंगण हवंय’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण अंगण कोणा एकाच्या प्लॉटमध्ये येत नाही. त्यावर बांधायला सातही घरं राजी व्हायला हवीत, शिवाय कायदा आडवा येतो. मग ते आवडीमुळे टिकलं की मालकीमुळे? तसंच घरांचं. मूळ कुटुंबाने वीस वर्षांत एकेक खोली वाढवली, की कोणीतरी विकत घेऊन एका झटक्यात पाडून बांधलं? बाहेरून दोन्ही तिमजलीच दिसतात. कोरियांच्या मनात पहिली गोष्ट होती. दुसरीत डिझाइनपेक्षा जमिनीच्या भावाचा हात मोठा. हे वेगळं काढायचं तर निव्वळ निरीक्षण पुरत नाही, घराचा इतिहास विचारावा लागतो.

आणि विचारायला गेलं की खरी अडचण सुरू होते.

माझा पायलट पुण्याजवळच्या एका जुन्या बैठ्या वसाहतीत होता. पहिल्या दिवशी सकाळी ११ ते १ बसले आणि वहीत लिहिलं, ‘सामाईक जागा वापरात नाही’. मे महिन्यात, भर उन्हात! संध्याकाळी सातला गेले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. ही चूक सुधारणं सोपं होतं. विल्यम व्हाइटने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून दिवसभराचं चित्रण केलं होतं. मी तेवढं नाही, तरी तासातासाचा तक्ता केला.

दुसरी चूक सोपी नव्हती. एका घराची मागची बाजू टेपने मोजत होते. आतून काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मोजताय कशाला? उद्या ही खोली पाडायला कोणी येणार नाही ना?” मी म्हटलं, नाही हो काकू, कॉलेजचं काम आहे. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दार लावून घेतलं. रात्री रूमवर वही उघडली. घर नंबर, मागची वाढीव खोली, मापं, तारीख, फोटो. तीस घरांची. वाढीव बांधकामांची याहून पद्धतशीर यादी कोणी केली नसती. आणि आपले प्रबंध शोधगंगेवर चढतात, कोणीही डाउनलोड करू शकतो.

त्या यादीचं मी काय केलं ते सांगते. घर नंबर काढून सांकेतिक क्रमांक दिले, त्यांची किल्ली वेगळ्या वहीत, ती वही घरी. वसाहतीचं नाव प्रबंधात नाही. दर्शनी बाजूचे फोटो काढून टाकले, त्याऐवजी हाताने काढलेली रेखाटनं. पुन्हा जाऊन प्रत्येक घरी विचारलं, आठ घरांनी नको म्हटलं, ती वगळली. काकूंचं घर त्यात होतं, आणि माझ्या मते पूर्ण वसाहतीतली सगळ्यात हुशार वाढीव खोली तीच होती.

याची किंमत आहे. नकाशावर जागा दाखवता येत नाही म्हणून एका परीक्षकांनी सेमिनारमध्ये विचारलं, “मग हे पडताळायचं कसं?” प्रश्न रास्त आहे. मी मापं आणि मुलाखतींच्या नोंदी गाईडपुढे ठेवते एवढंच सांगू शकले, त्यांचं समाधान झालं नाही.

ज्युनियरला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, “मग शीर्षकातून यशापयश काढू का?” काढ म्हटलं, पण त्याआधी टेप घरी ठेवून दोन संध्याकाळी तिथे नुसता बसून ये. तुलनेसाठी दुसरी वसाहत कशी निवडायची, ते पुढच्या पोस्टमध्ये.