पडद्यावर बोलतंय कोण?

माहितीपटाची भाषा : लेखांक सहावा

गेल्या लेखात आपण रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'पर्यंत (१९२२) आलो होतो. तो मूकपट. इनुइट कुटुंबाबद्दल जे सांगायचं ते फ्लॅहर्टीने दृश्यांच्या मधल्या पाट्यांवर लिहून सांगितलं. नानूक शिकार करतो, इग्लू बांधतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो, पण स्वतःबद्दल एक शब्द बोलत नाही. सिनेमाला वाचा फुटल्यावर हे बदलेल अशी अपेक्षा होती. पुढची तीसेक वर्षं तसं झालं नाही. पाट्यांची जागा निवेदकाच्या आवाजाने घेतली, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडच्या वाचकांना हा आवाज चांगला ओळखीचा आहे. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ची. पुढे कित्येक वर्षं मुख्य चित्रपटाआधी तिचे माहितीपट चित्रपटगृहांत सक्तीने दाखवले जात. धरण असो, आदिवासी नृत्य असो की लसीकरण, भारदस्त स्वरात कोणीतरी अदृश्य माणूस सगळं समजावून देई. दिसणारी माणसं गप्प आणि बोलणारा माणूस दिसत नाही, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की माहितीपट म्हणजे हेच, असं आपण धरून चाललो. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ साली 'आय अॅम ट्वेंटी'मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना थेट बोलायला लावलं, तेव्हा ते किती ताजं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

एखाद्या समाजात राहून केलेल्या माहितीपटात कॅमेरा खांद्यावर ठेवायचा की ट्रायपॉडवर, शॉट लांबवायचा की तोडायचा, हे निर्णय महत्त्वाचे आहेतच. माझ्या मते त्यांच्याआधी एक निर्णय झालेला असतो: या माणसांविषयी कोण बोलणार?

जॉन मार्शलचा 'द हंटर्स' (१९५७) पाहिला की हा निर्णय किती खोल जातो ते कळतं. कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांमधले चार शिकारी विषारी बाणाने जखमी झालेल्या जिराफाचा माग काढतात. मार्शल तरुण वयात तिथे गेला होता, त्यांच्यात राहिला होता, त्यांची भाषा शिकला होता. तरी चित्रपटात शिकारी बोलत नाहीत. कोणाचा स्वभाव कसा, कोणाच्या मनात काय चाललंय, हे सगळं मार्शल सांगतो. एकच सलग दिसणारी ती शिकार प्रत्यक्षात वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या दृश्यांमधून जुळवलेली आहे. आवाज एकाचाच असल्यामुळे हे सांधे कुठे दिसत नाहीत.

हाच मार्शल १९८० साली 'नाय' घेऊन आला. त्यात १९५१ ते १९७८ या काळातलं चित्रण आहे. लहानपणापासून ज्या मुलीला त्याने टिपलं, ती आता प्रौढ बाई होऊन स्वतःचं आयुष्य स्वतः सांगते: नकोसं झालेलं लग्न, शिकार सुटून वसाहतीत मिळणाऱ्या पिठावर आलेले दिवस, आजार, भांडणं. आपल्याकडे गाजलेल्या 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी'चं चित्रीकरण चालू असतानाची दृश्यंही त्यात आहेत. ज्या लोकांना तो विनोदी चित्रपट आधुनिक जगापासून अलिप्त दाखवत होता, त्याच लोकांची पोरं दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात भरती होत होती. दिग्दर्शक तोच, समाज तोच. मधल्या काळात बोलणारं माणूस बदललं.

या बदलामागे तंत्राचा मोठा वाटा होता. १९५०च्या दशकात दूरच्या प्रदेशात नेता येईल असा कॅमेरा चावीचा असे. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रूशच्या कॅमेऱ्याला एकदा चावी दिली की जेमतेम २५ सेकंद चित्रण होई, आणि ओठांशी जुळणारा आवाज सोबत टिपता येत नसे. पण अडचण तीच असली तरी तिच्यातून सगळ्यांनी निवेदकच काढला पाहिजे असं नव्हतं. 'मुआ, अँ न्वार'साठी (१९५८) रूशने नायजरमधून आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात मजुरीला आलेल्या तरुणांबरोबर काम केलं. मूक चित्रण त्यांनाच दाखवलं आणि त्यावर त्यांनाच उत्स्फूर्त बोलायला सांगितलं. ते स्वतःच्या कष्टांबद्दल बोलतात, थापा मारतात, स्वप्नं रंगवतात. मुख्य भूमिकेतला उमारू गांडा पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण यंत्राची मर्यादा सर्वांना सारखीच होती. ती कोणाच्या बाजूने वळवायची हे माणसाने ठरवलं.

लवकरच नाग्रासारखे खांद्यावर वागवता येणारे ध्वनिमुद्रक आणि हलके, कमी आवाजाचे कॅमेरे आले. डेव्हिड आणि ज्युडिथ मॅकडूगल यांनी १९६८ साली युगांडातल्या जिए या पशुपालक लोकांमध्ये 'टू लिव्ह विथ हर्ड्स'चं चित्रण केलं. लोकांचं बोलणं त्यांच्याच भाषेत ठेवून खाली सबटायटल्स दिली. आज हे इतकं साधं वाटतं की त्यातलं नावीन्य लक्षात येत नाही. दुष्काळ, गुरं, सरकारी कारभार यांविषयी माणसं तक्रार करतात, मत देतात, एकमेकांची थट्टा करतात. 'जिए जमातीचा पुरुष' हा नमुना जाऊन अमुक एक माणूस समोर येतो. सबटायटलमुळे परका समाज झटकन समजल्यासारखा वाटतो आणि तो समज फसवा असू शकतो, हेही डेव्हिड मॅकडूगलनेच पुढे आपल्या लेखनात मांडलं.

आता उलट टोकाचं उदाहरण. रॉबर्ट गार्डनरचा 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस' (१९८६). काशीतला एक दिवस, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत, दीड तास. निवेदन नाही, मुलाखत नाही, सबटायटल नाही. सुरुवातीला फक्त उपनिषदातलं एक वचन, येट्सच्या अनुवादात. (त्या अनुवादात येट्सचे सहकारी होते श्री पुरोहित स्वामी, विदर्भातल्या बडनेऱ्यात जन्मलेले मराठी संन्यासी.) नंतर सगळा भार डोळ्यांवर आणि कानांवर. नावांमधून सरणाची लाकडं येतात, ती तराजूत तोलली जातात. बांबूच्या तिरड्या बांधल्या जातात. झेंडूची फुलं माळेत ओवली जातात, देवाला आणि प्रेताला दोघांनाही वाहिली जातात, शेवटी जनावरांच्या तोंडी जातात. वल्ह्यांची करकर, लाकूड फोडल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येतो. गार्डनर एकेक वस्तू सुटी दाखवतो. तिचा मृत्यूशी असलेला संबंध हळूहळू आपला आपल्याला लागतो. दृश्यांची ही गुंफण अप्रतिम आहे.

चित्रपटावर वाद मात्र कडाडून झाला. काशीतल्या अंत्यविधींचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांचा आक्षेप असा की माहिती नसलेल्या प्रेक्षकाला समोर काय चाललंय आणि का चाललंय हे कळणारच नाही. समर्थकांचं म्हणणं, समजावून सांगितलं की बघणं थांबतं.

या वादात भारतीय प्रेक्षकाची बाजू धरायला हवी, असं मला वाटतं. हा चित्रपट मराठी माणूस बघतो तेव्हा 'राम नाम सत्य है' त्याला कळतं. हिंदी संभाषणातले तुकडे कळतात, पूजेचे मंत्र कानावरचे असतात. म्हणजे गार्डनरने ठेवलेलं मौन आपल्यासाठी मौन नाहीच. ते भाषा न येणाऱ्या, दूरच्या प्रेक्षकाला धरून ठेवलेलं आहे, आणि त्याच्यापुरती काशीच्या माणसांची वाणी वल्ह्याच्या करकरीच्या रांगेत नेऊन बसवलेली आहे. घाटावर काम करणाऱ्याला पैशांची घासाघीस करताना आपण ऐकतो तेव्हा तो आपल्याला व्यवहारी, हुशार माणूस वाटतो. शब्द न कळणाऱ्याला तो गूढ विधीचा भाग वाटू शकतो. चित्रपट म्हणून 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस' थोर आहे. पण ज्यांच्यावर तो काढला त्यांना त्यात म्हणणं मांडायला जागा नाही, ही त्याची खरी उणीव.

आनंद पटवर्धन यांचे माहितीपट मानववंशशास्त्राच्या कप्प्यात मोडत नाहीत, तरी या प्रश्नावर त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. 'हमारा शहर'मध्ये (१९८५) मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात असताना एक बाई कॅमेऱ्यावरच तुटून पडते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग? पटवर्धनांनी हे दृश्य कापलं नाही. बोलण्याची मुभा दिली की ती आपल्याविरुद्धही वापरली जाणार, हे त्यांनी मान्य केलं. याच चित्रपटात गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी ११ जुलै १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या केली. त्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली होती. तिथून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. २०११ साली आलेल्या त्या चित्रपटात बराचसा इतिहास आणि बराचसा संताप शाहिरांची गाणीच सांगतात. सबटायटल्सची गरज तिथे इतरांना आहे, आपल्याला नाही.

वाचकांना एक विनंती. पुढचा कुठलाही माहितीपट बघताना पहिली दहा मिनिटं एवढंच टिपून ठेवा: कोण बोललं, कोणाच्या भाषेत, आणि कोण फक्त दिसलं. पुढच्या लेखात टिमोथी अॅश आणि नेपोलियन शॅग्नन यांचा 'द अॅक्स फाइट' (१९७५) घेऊ. यानोमामी गावातलं एकच भांडण त्यात आधी जसंच्या तसं, मग समजावून आणि शेवटी संकलन करून दाखवलं आहे; तेव्हा या नोंदी उपयोगी पडतील.