माहिती चौकट : बक्षीसपत्र लिहून देण्यापूर्वी

भूदानाचे प्रवर्तक विनोबा ज्या पवनारात राहिले, त्या वर्धा जिल्ह्यात दानाविषयी सावधगिरी सुचविणे काहीसे विपरीत वाटेल. तथापि भूमिहीनास दिलेले दान निराळे आणि उतारवयात, सांभाळ होईल या भरवशावर, पोटच्या मुलास लिहून दिलेले बक्षीसपत्र निराळे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 23 अन्वये, मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मिळकत घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दडपणाने झाले असे मानून, देणाऱ्याच्या अर्जावरून न्यायाधिकरणास ते रद्द ठरविता येते. मेख आहे ती अटीतच. अट नसेल तर हे कलम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने वृद्धांच्या हिताकडे पाहून कलमाचा अर्थ अधिक उदारपणे लावला खरा, परंतु त्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा सांभाळाची अट दस्तऐवजातच स्पष्ट शब्दांत घालावी, हे शहाणपणाचे. अर्ज वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाटच्या उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे करावयाचा. मुलांकडून मागावयाच्या निर्वाहाची कमाल रक्कम याच कायद्याने दरमहा 10,000 रुपये ठेविली आहे, जी आजच्या महागाईत तुटपुंजीच म्हणावयाची.

बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र निर्धोक. हयातीत सातबारा आपल्याच नावे राहतो, मजकूर केव्हाही बदलता येतो, मुद्रांक शुल्क लागत नाही व नोंदणीही ऐच्छिक; साक्षीदार मात्र किमान दोन हवेत, आणि शक्यतो वारसांपैकी नकोत.