टाक्यांवरचा ताण

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावू लागते, तेव्हा त्या विकाराला हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उद्भवला की दोष सहसा रुग्णाच्या खोकल्याला, बिडीला किंवा उचललेल्या ओझ्याला दिला जातो. तो खोटा नसला, तरी जांघेच्या हर्नियाचा इतिहास पाहता तितकीच चौकशी टाक्यांचीही करावी लागते.

इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बास्सीनी यांनी १८८४ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत जांघेतील नळीची मागची भिंत, म्हणजे स्नायूंखालचा पातळ पण चिवट पडदा, आधी उघडला जाई आणि मग दोन स्नायू व तो पडदा असे तिन्ही थर वंक्षण बंधाला, म्हणजे जांघेतील चिवट पट्ट्याला, शिवले जात. पुढे नाव बास्सीनींचेच राहिले, कृती मात्र आखडली. पडदा उघडण्याची पायरी अनेकांनी गाळली आणि वरचे स्नायू नुसते ओढून शिवले. विरलेले कापड ओढून शिवले की धागा शाबूत राहतो आणि कापड शिवणीलगत फाटते, तसेच येथे घडते, कारण आवळलेल्या टाक्याच्या कवेत सापडलेल्या ऊतीचा रक्तपुरवठा आटतो.

या ताणावरचा उपाय लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी लोकप्रिय केला: कडा ओढायच्याच नाहीत, वर पॉलिप्रोपिलीनची जाळी अंथरायची. १९८९ मध्ये त्यांनी १,००० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात एक ते पाच वर्षांच्या पाठपुराव्यात एकही हर्निया उलटला नव्हता. मात्र जाळी म्हणजे हमी नव्हे. ती शरीरात आक्रसते, म्हणून जघनास्थीच्या उंचवट्यापलीकडे सुमारे दोन सेंटिमीटर सरकवावी लागते आणि नगाऱ्याच्या कातड्यासारखी न ताणता किंचित सैल ठेवावी लागते. आडवा असलेला रुग्ण उभा राहिला की पोटातील दाब वाढतो, हे विसरणाऱ्याची जाळी नेमकी त्या उंचवट्यापाशी दगा देते.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीलाही फाटा दिला. पोटाच्या बाहेरील तिरप्या स्नायूच्या पापुद्र्याची एक पट्टी, दोन्ही टोके न तोडता, मागच्या भिंतीवर शिवायची, म्हणजे स्नायू आकुंचन पावताच तीही ताठ होते, ही त्यांची कल्पना. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिक्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच हर्निया उलटले होते.