विश्लेषण : मुलाच्या एकाच डोळ्याला वारंवार सूज येतेय? कारण दुर्मीळ गाठही असू शकते

मुलाची पापणी सुजलेली दिसली की घरात अंदाज ठरलेला असतो : डास चावला असेल, नाहीतर रांजणवाडी आली असेल. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. पण औषधाने उतरलेली सूज त्याच डोळ्याला पुन्हा येत असेल, तर मागे गाठ नाही ना, हे तपासावे लागते.

सूज सहसा कशामुळे येते?

अ‍ॅलर्जी, रांजणवाडी किंवा पापणीचा संसर्ग ही नेहमीची कारणे. सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पोहोचला तर ताप येतो आणि डोळा हलवताना दुखतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. अँटिबायोटिक सुरू केल्यावर साधारण दोन दिवसांत फरक दिसला नाही, तर डॉक्टर इतर कारणे शोधतात.

कोणत्या गाठी सूज म्हणून दिसतात?

- डर्मॉइड सिस्ट : जन्मजात, कर्करोग नसलेली गाठ. बहुधा भुवईच्या बाहेरच्या टोकाशी असते. फुटली तर भोवती लाली आणि सूज येते.
- लिम्फॅटिक मालफॉर्मेशन : लसिकावाहिन्यांची जन्मजात विकृती, रूढ अर्थाने ट्यूमर नाही. सर्दी-खोकला झाला की सूज वाढते, नंतर कमी होते. आत रक्तस्राव झाल्यास डोळा अचानक पुढे येतो.
- रॅब्डोमायोसारकोमा : स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग. काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळा पुढे येतो. सुरुवातीला संसर्गच वाटतो.
- न्यूरोब्लास्टोमा : हा बहुधा पोटात, मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत सुरू होतो. खोबणीच्या हाडांत पसरल्यास मार न लागताही डोळ्यांभोवती काळेनिळे वळ दिसतात.

निदानाला उशीर का होतो?

गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने काही काळ उतरू शकते. पालकांना मूल बरे झाल्यासारखे वाटते. पुन्हा सूज आली की दुसरा दवाखाना, नवे ड्रॉप. प्रत्येक डॉक्टरसमोर ती ‘पहिलीच’ सूज असते. म्हणून जुनी प्रिस्क्रिप्शन सोबत न्यावीत. मोबाइलमधले तारीखवार फोटोही दाखवावेत. डोळा कधीपासून पुढे येतोय, हे त्यांतून कळते.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

- एकाच डोळ्याला पुन्हा पुन्हा सूज
- डोळा पुढे आलेला किंवा खाली सरकलेला
- एकाच्या जागी दोन दिसणे, नजर कमी होणे, नवा तिरळेपणा
- हाताला लागणारी टणक गाठ
- फोटोत बाहुली पांढरी चमकणे. हे डोळ्याच्या आतल्या रेटिनोब्लास्टोमाचे लक्षण असू शकते

पुढे काय होते?

नेत्रतज्ज्ञ तपासणीनंतर एमआरआय किंवा सीटी स्कॅन सांगतात. लहान मुलांना त्यासाठी अनेकदा गुंगीचे औषध द्यावे लागते. कर्करोगाची शंका असल्यास बायोप्सी करतात. डर्मॉइड सिस्ट शस्त्रक्रियेने काढता येते. रॅब्डोमायोसारकोमासाठी १९६०च्या दशकापर्यंत डोळ्यासह खोबणीतील सगळा भाग काढावा लागे. आता केमोथेरपी आणि रेडिओथेरपीने बहुतेकदा डोळा वाचतो. आजार खोबणीपुरता असताना उपचार मिळाले, तर दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुले जगतात.

या गाठी दुर्मीळ आहेत; प्रत्येक सुजेला घाबरण्याचे कारण नाही. पण तोच डोळा पुन्हा सुजला, तर जुने ड्रॉप घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका. मुलाला नेत्रतज्ज्ञांना दाखवा.